चित्रात छत्री नव्हती

पडद्यावर आमची पेठ आली तेव्हा मिनिटभर ती कुणालाच ओळखू आली नाही. लाल-करड्या पेव्हर ब्लॉकचा रस्ता, दोन्ही बाजूंना कुंड्या, कुंड्यांत ताडासारखं काहीतरी, मधे लोखंडी बाकं आणि बाकांवर गोरीगोमटी माणसं कॉफी पीत बसलेली. शेजारचे कापडवाले अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे माझं दुकान होय गो? मग बोर्ड कुठाय?" पुण्याहून आलेले सल्लागार बोलतच होते. बाजारपेठेचं पुनरुज्जीवन, वारसा, पर्यटक, सेल्फी पॉइंट. मी शाळेच्या वह्या-पेनं विकणारी बाई. मला यातलं काय कळणार! पण तोंडून निघून गेलं, "यातल्या एकाच्याही हातात छत्री नाही."

सभागृह हसलं. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी साहेबही हसले. पेठेच्या आराखड्यासाठीच्या समितीत व्यापाऱ्यांतर्फे एक महिला घालायची होतीच, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे माझं नाव लिहून घेतलं. हे नोव्हेंबर 2022 मधलं. त्या एका वाक्यानं माझी पुढची अडीच वर्षं खाल्ली.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहायचंय ते वाचून चारजणांना राग येणार आणि मला रोज त्यांच्याच दारावरून जायचंय. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं लहान शहर एवढं पुरे. एके काळी गलबतं धक्क्याला लागायची, नंतर मुंबईची बोट यायची, तोवर सगळा माल पेठेतून वर घाटाकडे जायचा. खाडी गाळानं भरली, बोट बंद झाली. पुढे रस्ता आला आणि माल गाडीनं यायला लागला, तेव्हाही पेठ टिकली. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सलग सुरू झाली, तिचं स्टेशन आमच्यापासून लांब डोंगरात. कोकणात स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लागलं की समजायचं, गाव अजून रिक्षाभर पुढे आहे. मग महामार्गाचा सतरा नंबर जाऊन छासष्ट आला, चौपदरीकरणात रस्ता गावाबाहेरून निघाला आणि नाक्यावर काचेची दुकानं उभी राहिली. आमच्या ओळीतली शटरं तेव्हापासून एकेक करून उघडेनाशी झाली. माझ्या डावीकडचं घड्याळाचं दुकान ज्या दिवशी बंद झालं, त्या दिवशी मालकांनी भिंतीवरची सगळी घड्याळं उतरवली आणि एक मोठं मला दिलं. ते अजून चालतंय.

समितीची पहिली बैठक पार्किंगवर गेली. दुसरीही. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, हे आमच्याकडे ब्रह्मवाक्य आहे. सल्लागारांनी खाडीच्या बाजूला चाळीस गाड्यांचा तळ काढून ठेवलाही होता. तिथे भरतीचं पाणी येतं आणि तिवरांची झाडं आहेत, एवढं कुणीतरी सांगितल्यावर सीआरझेडचा, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राचा विषय निघाला. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या खाडीलाही सागरी किनारा नियमन लागू होतं. 2011 च्या अधिसूचनेत खाडीकाठी 100 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यात जे कमी असेल ते अंतर होतं. 2019 च्या अधिसूचनेत ते 100 चं 50 झालं. पण तिवरांना म्हणजे कांदळवनाला हात लावता येत नाही तो नाहीच. चाळीस गाड्या तिथेच बुडाल्या.

तेव्हा सल्लागारांसोबत आलेली एक तरुण मुलगी, नुकतीच नगररचना शिकून बाहेर पडलेली, मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, तुमच्या पेठेत माणसं किती येतात, कधी येतात, हे कुणी मोजलंय का?" कुणी मोजलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी मोजायचं ठरवलं. माझ्याकडे दोनशे पानी वह्यांना तोटा नव्हता.

मोजायची रीत तिनंच शिकवली. चहाच्या टपरीवर बसायचं, समोर एक रेघ धरायची आणि ती ओलांडणाऱ्या प्रत्येकाची वहीत एक उभी काडी, पाचवी आडवी. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे, शाळकरी मुलं वेगळी, गाडीवरून न उतरता जाणारे वेगळे. मी सकाळी साडेसहाला पहिल्यांदा जाऊन बसले तेव्हा थंडी होती आणि टपरीवाल्याला वाटलं, मी घरात भांडून आले.

सात वाजता चौकात मासळी आली. माझ्या दुकानापासून ती जागा हाकेच्या अंतरावर, आणि मी तीस वर्षांत त्या वेळी तिथे उभी राहिले नव्हते, कारण आमच्याकडे मासे आणायला नेहमी सासरे जायचे. पाट्या उतरल्या. बांगडे, सौंदाळे, पेडवे, एकीकडे खाडीतल्या तिसऱ्या. वाटे लागायच्या आत गर्दी. सव्वासातला माझ्या वहीचं पान भरलं, साडेसातला दुसरं, आणि मग काड्या मारणं सोडून मी नुसती बघत राहिले. शिक्षिका, कंपाउंडर, रिक्षावाले, निवृत्त मास्तर, हातात डबा घेतलेल्या म्हाताऱ्या. मासळी घेतली की नारळवाल्याकडे, तिथून कोथिंबीर-मिरची, आणि मग पिशवी सावरत घरी. जाताना दोन्हीकडे बंद शटरं. माझंही बंद. मी साडेनऊला उघडते, माझ्या सासऱ्यांनीही तेव्हाच उघडलं, त्यांच्या वडिलांनीही बहुधा.

साडेनऊला गर्दी सरलेली असते. एक वाजता आम्ही जेवायला आणि वामकुक्षीला बंद करतो. चारला उघडतो, आठला परत बंद. संध्याकाळी समुद्रावरून परतणारे पाहुणे गाडीच्या काचा खाली करून विचारत फिरतात, "इथे काजू, आमसुलं कुठे मिळतील?" तेव्हा पेठ अंधारात असते. संध्याकाळच्या पानांवर माझ्या काड्या अर्ध्यावर येऊन थांबल्या. म्हणजे गिऱ्हाईक येत नाही हे खोटंच होतं. गिऱ्हाईक येत होतं, आमचं आणि त्याचं घड्याळ जुळत नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी वही नेली. एकानं विचारलं, "मग काय सकाळी सातला साड्या विकायच्या काय?" बरोबरच होतं त्याचं, सातला साडी कोण घेतंय! पण माझं, औषधवाल्यांचं, किराण्याचं, भांडीवाल्यांचं काय? मी स्वतः दुसऱ्या आठवड्यापासून साडेसातला शटर वर केलं. घरचे हसले. शाळेत जाणाऱ्या मुलांचे बाप मासळीची पिशवी बाहेर ओट्यावर ठेवून आत येऊ लागले, कारण मुलानं रात्री दहाला सांगितलेलं असतं की उद्या कार्डशीट पाहिजे. हे आम्हां सगळ्या आईबापांना ठाऊक असलेलं सत्य मला धंद्यात तीस वर्षं सुचलं नव्हतं. मांजरं मात्र वाढली.

मासळीचा प्रश्न तिथेच यायचा होता. मूळ आराखड्यात चौकात कारंजं होतं, आणि मासळीवाल्यांसाठी स्टँडच्या मागे बांधून पडलेला मासळी बाजार. त्या इमारतीत ओटे आहेत, फरशी आहे, नळ आहे आणि माणूस नाही. ती बांधली तेव्हा कुणी बायकांना विचारलं नव्हतं. आता विचारायला मी गेले. तिथल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशींनी सुरी पुसत मला विचारलं, "वहिनी, तुमचं दुकान स्टँडच्या मागं नेलं तर तुम्ही जाल?"

"नाही."

"मग? मासा हितं येतो म्हणून माणूस हितं येतो. तिकडं फक्त कुत्री येतात."

आणि त्यांनी उलट यादीच सांगितली. वरून पन्हळी पत्रा नको, उन्हात तापतो. उंच छप्पर हवं. पाण्याचा नळ हवा, बर्फ ठेवायला सावलीतली जागा हवी, सांडपाणी उघड्या गटारात सुटायला नको. आणि संडास. "पहाटे चारला बंदरावर जाते, बाराला घरी जाते. मधल्या वेळात बाईमाणसानं कुठं जायचं, हे तुमच्या आराखड्यात हाय का?" नव्हतं. आमच्या अख्ख्या पेठेत बायकांसाठी एकही संडास नव्हता. मी दुकानात दिवसभर पाणी कमी पिते, ही सवय मला सवय वाटतच नव्हती.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे हे त्या मुलीनं शोधून दिलं. पथविक्रेत्यांचा 2014 चा केंद्रीय कायदा सांगतो की विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हुसकावता येत नाही. नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडलेले, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. आमच्याकडे समिती कागदावर होती. प्रत्यक्षात बसवायला आठ महिने लागले. मावशी निवडून आल्या आणि पहिल्या बैठकीला नवी नऊवारी नेसून आल्या. टेबलावर बिस्किटं होती, त्यांनी ती खाल्ली नाहीत, पदरात बांधून नातवाला नेली. बैठकीत दोनच वाक्यं बोलल्या आणि दोन्ही कारंज्याबद्दल होती. कारंजं गेलं.

आता माड्यांबद्दल. खरं दुखणं तिथे होतं आणि ते मला सर्वांत उशिरा दिसलं.

आमच्या पेठेतली घरं जांभ्याची, मंगळुरी कौलांची. खाली दुकान, पुढे ओटा, वर माडी. पूर्वी दुकानदार वरच राहायचे. आठला खाली फळ्या लागल्या तरी वर दिवे असायचे, कुणाची आरती, कुणाचा रेडिओ, खिडकीतून कुणी कुणाला हाक मारतंय. मुलगी क्लासवरून एकटी आली तरी चार डोळे असायचे. मग सगळ्यांनी बंगले बांधले, नाक्याकडे, हवेशीर. आम्हीही बांधला, मी काही वेगळी नाही. माड्या ओस पडल्या. नगरपरिषदेनं चौकात हायमास्ट दिवा लावला. त्याचा प्रकाश लख्ख, पण त्याखाली माणूस नाही, त्यामुळे रात्रीची पेठ आणखीच भकास दिसते.

मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा गाठायचं ठरवून मी आधी भूमी अभिलेख कार्यालयात खेपा घातल्या, आमच्या ओळीच्या मिळकत पत्रिका काढल्या. एका माडीच्या पत्रिकेवर तेवीस नावं. त्यातली कित्येक वारलेली, वारसनोंद झालेली नाही. एक शाखा डोंबिवलीत, एक बडोद्यात, एक भाऊ दुसऱ्या भावाशी बोलत नाही. खाली भाडेकरू पणजोबांच्या काळापासून, भाडं इतकं की तेवढ्यात आज दोन वडापावही येत नाहीत. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात मी कौलं का फिरवू? भाडेकरू म्हणतो, माझं घर थोडंच आहे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे, पागडीला त्यानं मान्यता दिली, पण कौल फुटलं तर वर कोण चढणार याचं उत्तर कुठल्या कायद्यात असतं! तोवर पाऊस वाशांत मुरत राहतो. मग एक दिवस धोकादायक इमारतीची नोटीस लागते आणि दोघंही मनातून खूश होतात, कारण पडलं तर भांडण मिटेल.

दुरुस्तीला आणखी एक खीळ होती. जुन्या विकास आराखड्यात पेठेचा रस्ता रुंद करायची रेषा आखलेली आहे. ती दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून आणि काही ठिकाणी दुकानाच्या गल्ल्यावरून जाते. रस्ता कधी रुंद होणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्याचा मोबदला द्यायला पैसेच नाहीत. पण रीतसर परवानगी मागायला गेलात की रेषेइतकं मागे सरून बांधा म्हणतात. म्हणून कुणी परवानगी मागत नाही आणि कुणी नीट बांधत नाही. ही एक रेघ पेठ पोखरत होती. ती पुसायची वाट म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 37: किरकोळ फेरबदल. ठराव करायचा, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना द्यायची, महिनाभर हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची, मग प्रस्ताव शासनाकडे. किरकोळ हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. तेव्हा प्रशासक होते, त्यामुळे ठराव एका सहीत झाला. सुनावणीला हरकत घेणारा एकच माणूस आला, ज्याचं पेठेत काहीच नाही, नाक्यावर तीन गाळे आहेत.

माड्यांचं म्हणाल तर आम्ही मोठं काही करू शकलो नाही. मी वेगळाच खटाटोप केला. ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका, बँकेत बदलून आलेली पोरं, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुली, या सगळ्यांना खोल्या मिळत नव्हत्या. मालकांना भीती एकच, आत आलेला माणूस बाहेर निघणार नाही. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार केला की तसा हक्क लागत नाही, हे वकिलांकडून लिहून आणून मी मे महिन्यात आंब्याच्या पेट्या बांधणाऱ्या लोकांच्या अंगणात जाऊन समजावत बसले. सात घरं फिरले. चार ठिकाणी सरबत मिळालं, दोन ठिकाणी "बघू" मिळालं, एका ठिकाणी होकार. त्या माडीला संडास नव्हता. तो परसात शोषखड्ड्यासकट बांधायचा खर्च मालकानं आणि भाडेकरूनं निम्मा निम्मा केला, आणि दोघांचं तीस वर्षांनी पहिल्यांदा बोलणं झालं, तेही कमोड हवा की भारतीय यावरून. आता वर दोन परिचारिका राहतात. रात्रपाळीहून पहाटे येतात तेव्हा मावशी त्यांच्यासाठी चार बांगडे बाजूला काढून ठेवतात. अख्ख्या ओळीत तो एकच दिवा, पण मी दुकान बंद करताना वर बघतेच.

पावसाळ्यात सल्लागार येत नाहीत. जून 2023 मध्ये मी फोन करकरून त्या मुलीला बोलावलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तिनं रेनकोट आणला होता. तासाभरात तो निकामी झाला, मग माझ्या सासऱ्यांची लाकडी दांड्याची छत्री घेऊन फिरली. पेठेची जुनी छपरं ओट्याच्या पुढे हातभर आलेली असत. पागोळ्या रस्त्यावर पडत आणि माणूस ओट्याओट्यावरून कोरडा चौकापर्यंत जाई. जिथे नवीन आरसीसी गाळे झाले तिथे ते तुटलं, आता तिथे गिऱ्हाईक धावतं. तिनं सगळ्या ओळीचं रेखाटन केलं, कोरडं कुठे आणि ओलं कुठे. आराखड्यातला सर्वांत चांगला कागद तो. त्यात झाड नाही की बाक नाही, नुसत्या निळ्या आणि पिवळ्या पट्ट्या.

त्याच दिवशी अण्णांनी आम्हांला पायऱ्या दाखवल्या. धोतर वर खोचून बाहेर आले आणि काठीनं ठोकत म्हणाले, "माझ्या आजोबांनी बांधलं तेव्हा चार पायऱ्या होत्या. रस्त्यावरून चार चढून ओट्यावर. वडिलांच्या वेळी तीन. आता मोजा." एकच होती, तीही अर्धी. दर वेळी नवा रस्ता जुन्या रस्त्यावरच. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, त्यावर पुन्हा डांबर. रस्ता चढत गेला आणि दुकानं खाली गेली. वर पेव्हर ब्लॉक बसले असते तर अण्णांच्या दुकानात पाणी पायरी न चढताच शिरलं असतं. पडद्यावरच्या त्या सुंदर चित्रात हेच होणार होतं, आणि ते कुणाच्याच, माझ्यासुद्धा, लक्षात आलेलं नव्हतं.

पाण्याची भीती आमच्याकडे आता वेगळी आहे. 2005 च्या 26 जुलैचं सगळे सांगत, पण 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात गेली तेव्हा आम्ही फोनवर माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांचे आवाज ऐकले. माझा वह्यांचा व्यापारी नुसतं "लगदा झाला" एवढंच म्हणाला. राजापूरचा जवाहर चौक तर अर्जुना आणि कोदवली फुगल्या की पाण्यात जातोच, तिथले दुकानदार माल वर चढवायचं वेळापत्रक पाठ करून आहेत. आमच्याकडे नदी तेवढी मोठी नाही, पण गटारं थेट खाडीत सुटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोराचा पाऊस आला की खाडीचं पाणी गटारातून उलटं पेठेत येतं. मी त्या पावसाळ्यात भरती-ओहोटीचं कोष्टक दुकानात टांगलं. उधाणाची भरती आणि पाऊस एका वेळी आले ते तीन दिवस लाल पेनानं खूण करून ठेवले. नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी ते कॅलेंडर बघितलं, बराच वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "वहिनी, हे मला द्या." गटाराच्या तोंडाशी पाणी बाहेर जाऊ देणारी आणि आत न घेणारी झडप, ही कल्पना त्यांचीच. आराखड्यातली माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि कामाची वस्तू.

त्या हिवाळ्यात एक प्रयोग झाला. पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात, तसं आपणही एक रविवार करू असं सल्लागारांनी सुचवलं. केला. सकाळी छान झालं. मुलांनी रस्त्यावर खडूनं चित्रं काढली, मावशींनी पाट्या ऐसपैस मांडल्या. अकरानंतर ऊन चढलं आणि रस्ता रिकामा झाला. भर उन्हात उघड्या रस्त्यावर चालायला कोकणात कुणाला हौस नाही. मालाचा टेम्पो चौकाबाहेर अडला, हमालांनी पोती डोक्यावरून आणायचे जादा पैसे मागितले आणि ते द्यावे लागले. सांधे धरलेल्या दोन आजी दवाखान्यापर्यंत रिक्षा मिळेना म्हणून माझ्या ओट्यावर बसून सगळ्यांना शिव्या घालत होत्या. त्यातून निघालेला निर्णय मधलाच: कायम बंदी नाही. टेम्पोनं साडेसहाच्या आत माल उतरवायचा, सात ते दहा चौकात चारचाकी नाही, रिक्षा चालेल. पहिले काही दिवस पोलीस उभा होता. नंतर मावशी पुरल्या.

मग पैसे. राज्य सरकारच्या 'वैशिष्ट्यपूर्ण' नावाच्या योजनेतून मंजुरी आली ती मागितल्याच्या निम्म्याहून कमी. यादीवर कात्री लागली. वर छप्पर जोडायचा पट्टा गेला, माड्यांच्या दुरुस्तीला प्रोत्साहन म्हणून मागितलेली घरपट्टीतली सूट गेली. कमान मात्र राहिली. कमानीला कात्री लागत नाही, त्यावर नाव असतं. 2024 मध्ये आचारसंहिता तीनदा लागली, लोकसभेची, कोकण पदवीधरची, विधानसभेची, आणि निविदा त्या तिन्हींच्या मधल्या फटींतून सरकत पुढे गेली. पहिल्या निविदेत अंदाजपत्रकाच्या तक्त्यात "जुना थर काढणे" ही ओळच नव्हती. ती घालून घ्यायला मी आणि अभियंता साहेब जिल्ह्याच्या गावाला दोनदा जाऊन आलो. एकदा तिथले साहेब रजेवर होते. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "वर टाकून द्या ना, किती इंचांचा फरक पडतोय?" मी अण्णांच्या पायरीचा फोटो दाखवला, शेजारी शाळेची पट्टी धरलेली. फोटोत पट्टीचे आकडे स्पष्ट दिसत होते. ओळ घातली.

संडास झाला. त्याची किल्ली कुणाकडे असावी यावर दोन बैठका झाल्या, शेवटी मावशींकडे आली. चौकात उंच छप्पर झालं, पत्र्याचंच, पण उंच आणि खाली पांढरा लेप दिलेला. झडप बसली. पहिल्याच उधाणाला तिच्यात प्लास्टिकची बाटली अडकली आणि ती अर्धवट उघडी राहिली. आता भरतीच्या आधी कोणीतरी जाऊन बघतं, बहुतेकदा मीच. रेषेचा प्रस्ताव अजून वरच आहे. घड्याळाचं दुकान अजून बंद आहे, त्याच्या पत्रिकेवरच्या नावांतलं एक नाव कॅनडात आहे.

एप्रिल 2025 मध्ये रस्ता खरवडायला जेसीबी आला. आमच्या टोकापासून सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की खरवडण्याचं माप निविदेत चौकापर्यंतच धरलंय, पुढच्या अर्ध्या पेठेला तसंच वर टाकणार. त्यावरून भांडण झालं, अजून चालू आहे, माझ्या पिशवीत त्या पत्रव्यवहाराची प्रत असते. पण अण्णांचं दुकान चौकाच्या अलीकडे. डांबराची लादी निघाली, तिच्याखालचं काँक्रीट फोडलं, त्याच्याखाली आणखी एक काळा थर. दुपारी जेवायच्या वेळी मशीन थांबलं तेव्हा धुळीतून जांभ्याची एक कड दिसत होती. अण्णांनी दुकानातून बादली आणली. नोकराला हात लावू दिला नाही. वाकून, एक हात भिंतीला धरून पाणी ओतलं, तळहातानं चिखल लोटला. तांबडी पायरी, मधे झिजून खोलगट झालेली.

"आता दोन झाल्या हो अण्णा," मी म्हटलं.

"खाली अजून दोन आहेत," अण्णा म्हणाले, आणि बादली घेऊन आत गेले. एक वाजला होता. शटर खाली ओढल्याचा आवाज आला.